ग्वांगझू शहरांतील पाहुणचार आणि आमची खरेदी

परदेशांतून यंत्रें आणावयाचीं तर तीं प्रथम डोळ्यांनीं पाहावीं, हातांनीं चालवावीं आणि मगच पैसा मोजावा, असा ठराव आमच्या सहकारी संस्थेच्या सभेंत झाला व तें काम आमच्यावर सोंपविण्यांत आलें. त्यापूर्वीं कामानिमित्त आम्ही दिल्लीपलीकडे कधीं गेलों नव्हतों. द्राक्षाच्या दोन ओळींमधून कोळपणी करणारीं लहान यंत्रें, ज्यांस हल्लीं सर्वत्र पॉवर वीडर म्हणतात, अशीं चाळीस घेण्याचा विचार होता. पैसा सभासदांचा होता. त्यांतील कित्येकांनीं तो बेदाण्याची पट्टी हातीं पडतांच आणून दिला होता. अशी जोखीम घेऊन सन २०१९ च्या ऑक्टोबरांत बँकॉकमार्गें आम्ही दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहरीं पोंचलों. जुन्या पुस्तकांत ज्यास कँटन म्हटलेलें आढळतें तेंच हें शहर.

ह्या शहराची एक आख्यायिका शेतकऱ्यांनीं ऐकण्याजोगी आहे. फार पूर्वीं येथें दुष्काळ पडला असतां पांच सिद्धपुरुष पांच बोकडांवर बसून आकाशांतून उतरले. त्यांनीं लोकांस धान्याच्या लोंब्या दिल्या आणि ह्या नगरींत पुन्हां उपासमार न होवो असा आशीर्वाद देऊन ते अंतर्धान पावले. बोकड मात्र दगड होऊन तेथेंच राहिले. यूएश्यू उद्यानांतील टेकडीवर त्या पांच बोकडांचें मोठें शिल्प असून सर्वांत उंच बोकडाच्या तोंडांत लोंब्या दाखविल्या आहेत. सहाशें मीटर उंचीचा मनोरा ज्या शहरानें उभारला, त्यानें आपली ओळख अजून लोंबीवरच ठेविली आहे, याचें आम्हांस कौतुक वाटलें.

पहिले दोन दिवस आम्ही नुसते बावरून गेलों होतों. तेथील बसगाड्या विजेवर चालत असल्यानें मागून गाडी आली तरी कळत नाहीं, व कानांवर विसंबून रस्ता ओलांडणारा आमच्यासारखा मनुष्य फसतो. जुन्या पेठांत घरांचे वरचे मजले पुढें काढून खालीं सलग पडवी केलेली असते, त्यामुळें भर पावसांत कोरड्या पायांनीं बाजार करतां येतो. सायंकाळीं उद्यानांत प्रौढ बायका रांगा करून गाण्याच्या तालावर नाचतात. त्यांकडे कोणी टक लावून पाहत नाहीं. आम्हीं मात्र पाहिलें. पाणी मागावें तर ऊन पाणी पुढें येतें. आणि ओळखीचा मनुष्य भेटतांच तेथील जुनीं माणसें विचारतात, 'जेवलांत का?' हा प्रश्न ऐकून प्रथम आम्ही प्रामाणिकपणें 'नाहीं' म्हणालों आणि विचारणाऱ्याची धांदल उडवून दिली. आपल्या गांवीं पारावर विचारतात त्यांतलाच तो प्रश्न आहे, हें मागाहून आमच्या दुभाषीनें समजाविलें. ही मुलगी विद्यापीठांत हिंदी शिकलेली होती व आम्हांस 'चाचाजी' म्हणे.

तेथें रोख पैशाचा व्यवहार जवळजवळ उठला आहे. भाजीवालीपासून चांभारापर्यंत प्रत्येकाजवळ चौकटीचें चित्र टांगलेलें असतें, व गिऱ्हाईक फोन त्यासमोर धरून पैसे देतें. आमच्यापाशीं चिनी बँकेचें खातें नव्हतें. एके रात्रीं एका म्हाताऱ्याजवळ भट्टींत भाजलेलीं रताळीं दिसलीं. आम्हीं एक उचललें आणि शंभर युआनची नोट पुढें केली. त्याच्याजवळ मोड नव्हती. त्यानें नोट परत आमच्या मुठींत कोंबली, रताळें कागदांत गुंडाळून दिलें आणि हातानेंच 'जा' म्हणून खुणावलें. दुसऱ्या दिवशीं सुटे पैसे घेऊन आम्ही त्या कोपऱ्यावर गेलों, परंतु तो दिसला नाहीं. तें ऋण तसेंच राहिलें.

ज्या व्यापारी मेळ्यासाठीं आम्ही गेलों तो सन १९५७ पासून भरत आला असून वसंतांत व शरदांत असा वर्षांतून दोनदां भरतो. त्या वर्षीं मांडणीची एकंदर जागा ११ लक्ष चौरस मीटरहून अधिक होती, म्हणजे सुमारें पावणेतीनशें एकर. एवढ्या रानांत नुसतीं दुकानें! तीन दिवसांत तेथें आम्हांस एक यंत्र पसंत पडलें. कारखानदार पन्नाशीचे गृहस्थ, मूळचे उत्तरेकडील शांतुंग प्रांताचे. त्यांनीं भावाचें नांवहि न काढतां त्याच रात्रीं जेवावयास बोलाविलें.

जातांना आम्हीं भेटीदाखल संस्थेचें नांव घातलेलें भिंतीवरचें घड्याळ बरोबर घेतलें. वाटेंत दुभाषीनें पुडक्यांत काय आहे तें विचारलें आणि ती जागच्या जागीं थांबली. चिनी भाषेंत 'घड्याळ भेट देणें' ह्याचा उच्चार 'अंतकाळीं शेवटची सेवा करणें' ह्यासारखाच होतो, म्हणून घड्याळ कोणी कोणास देत नाहीं. घड्याळ परत गेलें आणि बेदाण्याचा डबा पुढें आला.

गोल मेजावर फिरती कांच, दाराकडे तोंड करून यजमान, त्यांच्या उजवीकडे आम्ही. आम्ही शाकाहारी असल्याचें अगोदर कळविलें होतें. तरीहि तेथें केवळ भाजी मागून भागत नाहीं, कारण हिरव्या पाल्यावरहि कालवांचा रस घालतात व मुळ्याच्या वड्यांत सुकट असते. दुभाषी स्वैपाकघरांत जाऊन उभी राहिली तेव्हां कोठें कमळाचे देंठ, कारलें, सोयाबिनाचें पनीर आणि तळ्याकांठी होणारी आपली नाळीची भाजी, सर्व निर्भेळ होऊन आलें. यजमान आपल्या हातानें आमच्या वाटींत वाढीत होते. वाटी रिकामी केली कीं ती भरते. तेव्हां नको असल्यास थोडें शिल्लक ठेवावें, हा धडा आम्ही उशिरा शिकलों. काड्या भातांत उभ्या खोंवूं नयेत हेंहि तेथेंच कळलें, कारण मृतांपुढें उदबत्त्या तशा लावतात. पिंडाची रीत पाळणाऱ्या आपल्या लोकांस हें निराळें सांगावयास नको. शेवटीं यजमानांनीं आपल्या प्रांताची कडक दारू आणविली. ती ज्वारीची! आम्हीं ती घेतली नाहीं, पण ज्वारीचा वास ओळखला. चहाचा पेला त्यांच्या पेल्याच्या कांठाखालीं टेकवून मान राखला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शहराबाहेर कारखान्यामागील तुकड्यांत यंत्र चालविलें. ती माती तांबडी, भिजकी व लोण्यासारखी. तींत कोणतेंहि यंत्र चालेल. आमच्या काळ्या रानाचीं ढेंकळें त्यांनीं कोठें पाहिलीं असणार? म्हणून फाटकाजवळ मोटारींच्या जाण्यायेण्यानें कठीण झालेल्या जमिनींत आम्हीं तें घातलें. तासाभरानें गिअर पेटीच्या सांध्यांतून तेल ठिबकूं लागलें.

त्या वेळीं आमच्या मनाची जी ओढाताण झाली ती लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्यांचें अन्न रात्रीं खाल्लें त्यांच्या मालास सकाळीं नांवें कशीं ठेवावीं? आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागण्याची रीत आहे. परंतु मीठ आम्हीं खाल्लें होतें आणि पैसा सभासदांचा होता. आम्ही तोंड उघडणार तोंच दुभाषी हळूच म्हणाली, "चाचाजी, येथें नको. कामगार ऐकत आहेत." चिनी लोक ज्यास 'चेहरा' म्हणतात ती आपली अब्रू, चारचौघांत ती गेली तर व्यवहार तर मोडतोच, पण मनुष्यहि कायमचा तुटतो.

दुपारीं तिघेंच चहाला बसलों. बोटभर पेल्यांत चहा ओततात. कोणी ओतला कीं दोन बोटें मेजावर हलकेच टेकवून आभार मानावयाचे असतात. तेवढें करून आम्हीं तेलाची गोष्ट काढली. गृहस्थ बराच वेळ बोलले नाहींत. आमचा पेला पुन्हां भरला, मग विचारलें, "किती वेळ चाललें होतें?" आम्हीं सांगितलें, "एक तास दहा मिनिटें." आम्हीं घड्याळ लावून पाहिलें होतें हें त्यांस आवडलेलें दिसलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां ते स्वतः कारागिरास घेऊन आमच्या उताऱ्यावर हजर. सांध्याचें सील कमी प्रतीचें बसविलें गेल्याचें त्यांनीं मान्य केलें. तासभर बोलणें होऊन ठरलें तें असें: चाळिसांऐवजीं प्रथम दहाच यंत्रें, प्रत्येक यंत्र निघण्यापूर्वीं दोन तास चालवावयाचें, वरकड सीलें फुकट, आणि तिसरा हिस्सा रक्कम माल पोंचल्यावर. भावांत मात्र त्यांनीं एक युआनहि सोडला नाहीं. पाहुणचार आणि हिशोब हीं दोन खातीं त्यांच्या चोपडींत वेगळीं होतीं. आम्हींच तीं एकत्र करून दोन दिवस उगीच कष्टी झालों.

निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यांनीं घरीं नेलें. त्यांचे वडील ऐंशीच्या घरांतले. घड्याळाऐवजीं आम्हीं तांबडी सोलापुरी चादर दोनही हातांनीं त्यांस दिली व ती कोणत्या गांवची तें सांगितलें. सोलापूर हें नांव त्यांस कळेना. मग दुभाषीनें 'के दी-हुआ' हे शब्द उच्चारतांच म्हातारा उठून उभा राहिला. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस ह्यांचें हें चिनी नांव. कोटणीस, नागपूरचे डॉक्टर चोळकर आणि त्यांचे तीन सहकारी सप्टेंबर १९३८ मध्यें चीनमध्यें उतरले ते ह्याच ग्वांगझूंत; पुढच्याच महिन्यांत जपान्यांनीं हें शहर घेतलें. कोटणीस उत्तरेकडील रणभूमीवर शुश्रूषा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजीं वारले. म्हाताऱ्यानें हा पाठ शाळेंत शिकल्याचें सांगितलें. मग त्यानें चादर उलगडून गुडघ्यांवर घेतली, आणि जेवण होईपर्यंत ती तशीच होती, जरी त्या रात्रीं उकडत होतें.

डिसेंबरअखेर दहा यंत्रें आलीं. फेब्रुवारींत एकाचें तेल गळालें. पेटींतील सील बसवून तें भागलें. राहिलेल्या तिसांचा विचार सुरू होता तोंच मार्च २०२० मध्यें टाळेबंदी लागली. वेलींवर द्राक्षें होतीं आणि गाड्या बंद. त्या आठवड्यांत एके सकाळीं फोनवर कारखानदारांचा निरोप आला. यंत्रांविषयीं त्यांत कांहीं नव्हतें. दुभाषीनें हिंदींत उतरवून पाठविलेली एकच ओळ होती: जेवलांत का?