कण्याच्या अलीकडे-पलीकडे

मृगाचा पाऊस लागला की भोर-वेल्ह्याच्या ओढ्यांवर रात्री बॅटऱ्या हलू लागतात. चढणीचे मासे आणि खेकडे घरी येतात ते एकाच पिशवीतून. फरक कळतो तो चुलीपाशी. माशाचा काटा मधोमध असतो. खेकड्याचं कठीण ते सगळं बाहेर, म्हणून त्याचे पाय कुटून, रस गाळून कालवणात घालतात.

शास्त्राला एवढं सरळ जमलं नव्हतं. अ‍ॅरिस्टॉटलने रक्ताचे आणि बिनरक्ताचे अशी वाटणी केली. रक्त म्हणजे तांबडं, हे त्याचं गृहीत. पण खाचरातल्या गांडुळाचं रक्तही तांबडंच असतं! लिनियसने १७५८ मध्ये सहा वर्ग पाडले. त्यात खेकडा गेला कीटकांत. गांडूळ, जळू, गोगलगाय कृमींत. हा कृमिवर्ग म्हणजे अडगळीची खोलीच. हॅगफिशही त्यात सापडतो.

१७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात ही अडगळ लामार्कच्या वाट्याला आली. पन्नाशीला टेकलेला हा वनस्पतींचा अभ्यासक. त्याने कणा हीच कसोटी धरली आणि १८०१ च्या ग्रंथात खेकडे व कोळी कीटकांपासून वेगळे काढले. पुढे १८६६ मध्ये कोवालेव्हस्कीने खडकाला चिकटून जगणाऱ्या समुद्री जीवांच्या पिल्लांत पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतला आधाराचा लवचीक दांडा, दाखवला, आणि नुसत्या कण्यावर भागेना. म्हणूनच सहावीत पृष्ठवंशीय-अपृष्ठवंशीय शिकलेल्या पोराला दहावीत समपृष्ठरज्जू-असमपृष्ठरज्जू भेटतात.

माझ्या मते 'अपृष्ठवंशीय' हा गट सोयीचा, नात्याचा नव्हे. तारामाशाला कणा नाही, तरी तो खेकड्यापेक्षा आपल्याला जवळचा. आणि जनुकांच्या अभ्यासात कीटक निघाले खेकड्यांच्याच खानदानातले. लिनियस अगदीच वाट चुकला नव्हता म्हणायचा.

फसवणूक मात्र याच मातीत होते. भोर-वेल्ह्यासारख्याच पुणे जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून मिळालेल्या एका देवगांडुळाचं वर्णन एडवर्ड टेलरने १९६० मध्ये केलं. देवगांडुळाला पाय नाहीत, अंगावर वळ्या, डोळे असून नसल्यासारखे. काही जण त्याला गांडूळ समजतात, काही जण साप म्हणून ठेचतात. तो दोन्ही नाही, बेडकाचा भाऊबंद आहे. आत मणक्यांची लांबलचक माळ असते, ती वरून दिसत नाही. पण जबड्यात बारीक दात असतात, आणि गांडुळाला तर जबडाच नसतो.