मेलबर्नचा फुटबॉल आणि नव्या हंगामाची आशा

मेलबर्नचे मैदान आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांना ओळखीचे आहे. 1981 सालच्या फेब्रुवारीत याच मैदानावर कपिल देवने 28 धावांत 5 गडी बाद केले, ऑस्ट्रेलियाचा डाव 83 धावांत आटोपला आणि तो कसोटी सामना आपण 59 धावांनी जिंकला. ज्यांनी त्या दिवशी रेडिओला कान लावला होता, त्यांना ती सकाळ अजून आठवत असेल. पण या मैदानाची दुसरी ओळख आपल्याला फारशी नाही. मार्च महिना आला की तिथले क्रिकेट मागे पडते आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार चार उंच खांब उभे राहतात. मग थेट सप्टेंबरपर्यंत तिथे राज्य असते ते फुटबॉलचे. आणि फुटबॉल म्हटल्यावर जो गोल चेंडूचा खेळ आपल्या डोळ्यांपुढे येतो, तो मात्र हा नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी गेली काही वर्षे मेलबर्नच्या पश्चिम भागात राहतो. मागे एकदा फेब्रुवारीत त्याचे पत्र आले. त्याने लिहिले होते : ‘सर, आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत. वय ऐंशीच्या घरात. हंगाम सुरू व्हायला अजून तीन आठवडे आहेत, पण रोज सकाळी ते कुंपणापाशी येतात आणि मला सांगतात, यंदा आपला संघ चांगला आहे. गेल्या वर्षीही हेच सांगत होते, त्याच्या आदल्या वर्षीही हेच. मी विचारलं, आजोबा, दरवर्षी तुम्हाला असं कसं वाटतं? तर नुसते हसले. सर, तुम्हीच सांगा, याला भाबडेपणा म्हणायचं की आणखी काही?’

प्रश्न साधा दिसतो, पण तसा तो नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी तो खेळ कसा आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे जून-जुलैत पावसाळा असतो, तेव्हा तिकडे हिवाळा असतो. हिवाळ्यात क्रिकेट बंद. तेव्हा बसून बसून खेळाडूंची अंगे जड होऊ नयेत, म्हणून त्यांनी फुटबॉलचा क्लब काढावा, अशी सूचना टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 च्या जुलैमध्ये एका वृत्तपत्राला पत्र लिहून केली. पुढच्याच वर्षी, मे 1859 मध्ये, त्याने आणि त्याच्या मंडळींनी खेळाचे नियम लिहून काढले. इंग्लंडातल्या फुटबॉल संघटनेने आपले नियम केले ते 1863 साली. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा हा फुटबॉल इंग्रजांचा उष्टा खेळ नाही, चांगला चार वर्षांनी वडील आहे.

जन्मच क्रिकेटपटूंच्या हातून झाला, त्यामुळे हा खेळ क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर खेळतात. एका बाजूला 18 खेळाडू. चेंडूही लंबगोल, अंड्यासारखा. तो पायाने मारता येतो, किंवा एका हाताच्या तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसता येतो. फेकायला मात्र मनाई. चेंडू घेऊन पळायचे असेल, तर दर 15 मीटरला तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. आणि दुसऱ्याने पायाने मारलेला चेंडू निदान 15 मीटर लांबून आला आणि तो वरच्यावर झेलला, तर झेलणाऱ्याला निर्वेध चेंडू मारण्याचा हक्क मिळतो. या झेलाला तिकडे ‘मार्क’ म्हणतात. त्यासाठी खेळाडू दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकून उंच झेपावतात. ते दृश्य पाहण्यासारखे असते.

आता गुणांचे पाहा. टोकाला जे चार खांब असतात, त्यांतल्या मधल्या दोघांमधून पायाने मारलेला चेंडू गेला तर तो गोल. त्याचे गुण 6. बाजूच्या फटीतून गेला, किंवा मधल्या खांबाला नुसता लागला, तर त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात. त्याचा गुण 1. सहा आणि एक, हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याशी गाठ आहे.

1897 साली मेलबर्न आणि आसपासच्या आठ क्लबांनी आपली लीग सुरू केली. ती वाढत वाढत देशभर पसरली, 1990 साली तिच्या नावातून प्रांताचे नाव जाऊन देशाचे आले आणि 2012 पासून तिच्यात 18 क्लब आहेत. आता नुसते गणित करा. क्लब अठरा, चषक एक. दरवर्षी मार्चमध्ये अठरा क्लबांचे लोक आशेने मैदानावर जातात आणि त्यांतल्या सतरा क्लबांच्या लोकांना सप्टेंबरपर्यंत कधी ना कधी हिरमुसून घरी यावे लागते. सगळे संघ अगदी सारखे धरले, तरी एकाच्या वाट्याला अठरा वर्षांतून एकदा चषक येणार. मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांची आशा खुळी नव्हे का?

तसे म्हणता येत नाही. याला पहिले कारण नियमांतच आहे. पूर्वी ज्या क्लबाकडे पैसा तो चांगले खेळाडू गोळा करी. गरीब क्लब गरीबच राहत. हे असेच चालले तर अर्ध्या क्लबांचे लोक घरी बसतील, हे चालकांच्या लक्षात आले. म्हणून 1986 साली त्यांनी ‘ड्राफ्ट’ची पद्धत आणली. नव्या दमाच्या मुलांतून खेळाडू निवडायचे, पण निवडीचा पहिला मान मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या क्लबाला आणि विजेत्याला सर्वांच्या शेवटी. पंगतीत जो शेवटी बसला त्याच्या पानावर आधी वाढायचे, असा हा प्रकार आहे. त्याच सुमारास खेळाडूंच्या एकूण पगारालाही मर्यादा घातली. म्हणजे श्रीमंत क्लबाला नुसत्या पैशाच्या जोरावर सगळे चांगले खेळाडू पळवता येईनासे झाले.

याचे फळ दिसते. रिचमंडचा संघ 2016 साली तेराव्या क्रमांकावर होता आणि 2017 साली त्याने चषक उचलला. तोही 37 वर्षांनी. कॉलिंगवूड 2021 साली अठरांत सतरावा होता, 2023 साली तोच विजेता झाला. म्हणून मार्च महिन्यात तळाच्या क्लबाचा माणूस जेव्हा म्हणतो, ‘यंदा पाहाच तुम्ही,’ तेव्हा तो अगदीच हवेत बोलत नसतो. अर्थात नियम संधी देतात, यश देत नाहीत. सेंट किल्डा या क्लबाने 1966 साली चषक जिंकला, तोही अवघ्या एका गुणाने. त्यानंतर 2010 साली त्यांचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवला तेव्हा ते हरले. त्यांच्या नावावर अजून तो एकच चषक आहे. तरी त्यांचेही लोक दर मार्चला येतातच.

इथे दुसरे कारण येते आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. माझ्या विद्यार्थ्याने पुढच्या पत्रात त्या म्हाताऱ्या गृहस्थांची हकीकत कळवली. ते फुट्स्क्रेचे. फुट्स्क्रे म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेची जुनी कामगारवस्ती. तिथला क्लब 1925 साली लीगमध्ये आला. त्याचे रंग लाल, पांढरा आणि निळा. 1954 साली फुट्स्क्रेने मेलबर्न क्लबाला अंतिम सामन्यात 102 विरुद्ध 51 असे बरोबर दुपटीने हरवले. त्या दिवशी हे आठ वर्षांचे पोर बापाच्या खांद्यावर होते. पोराला वाटले, असे दरवर्षीच होत असणार!

तसे काही झाले नाही. 1961 साली संघ अंतिम सामन्यात हरला. मग चषकाचे नावच नाही. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये तर जाहीर झाले, की क्लब कर्जात बुडाला आहे, तेव्हा तो फिट्झरॉय क्लबात विलीन होणार. म्हणजे फुट्स्क्रेचे नाव मिटणार. तेव्हा तिथल्या लोकांनी काय करावे? एका सामान्य समर्थक बाईने कोर्टात दाद मागितली आणि थोडी मुदत मिळवली. बाकीचे लोक डबे घेऊन रस्त्यावर उतरले. दारोदार फिरले. पेन्शनीवर जगणाऱ्यांनी दिले, शाळकरी पोरांनी दिले. तीन आठवड्यांत दहा लाखांहून अधिक डॉलर जमले आणि क्लब वाचला. आपले हे गृहस्थही तेव्हा डबा घेऊन स्टेशनच्या दाराशी उभे होते. इकडे फिट्झरॉयचे नशीब तसे नव्हते. 1897 च्या मूळ आठांतला तो क्लब 1996 च्या अखेरीस ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. त्यांच्या लोकांना त्यानंतरच्या मार्चमध्ये ‘आपला संघ’ असे म्हणायला जुना संघ उरलाच नाही.

फुट्स्क्रेचा संघ पुढे ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ या नावाने खेळू लागला. 1997 साली तो अंतिम सामन्याच्या दारात येऊन थडकला. समोर ॲडलेडचा संघ. शेवटच्या भागात टोनी लिबरातोरी या बुलडॉग्जच्या खेळाडूने चेंडू मारला आणि गोल झाला असे समजून हात उंचावून नाचू लागला. पंचाने निर्णय दिला : बिहाइंड. सहाच्या जागी एक! सामना संपला तेव्हा ॲडलेडचे 12 गोल आणि 21 बिहाइंड, बुलडॉग्जचे 13 गोल आणि 13 बिहाइंड. शिक्षकबंधूंनी मुलांना फळ्यावर हे गणित घालून पाहावे. 93 विरुद्ध 91. गोल जास्त करूनही दोन गुणांनी हार. त्या रात्री आमचे गृहस्थ घरी जाऊन कोणाशी बोलले नाहीत, असे त्यांच्या मुलीने सांगितले.

मग 2016 साल उजाडले. हंगामाच्या सुरुवातीलाच बुलडॉग्जचा कर्णधार बॉब मर्फी याचा गुडघा दुखावला आणि त्याचा खेळ संपला. साखळी सामने झाले तेव्हा संघ सातवा होता. पहिल्या आठांनाच पुढे प्रवेश होता, म्हणून जेमतेम आत. सातव्या क्रमांकावरून कोणी चषक जिंकल्याचे ऐकिवात नव्हते. पण त्यांनी पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवले, मागची तीन वर्षे विजेता असलेल्या हॉथॉर्नला हरवले, सिडनीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीवर सहा गुणांनी, म्हणजे नेमक्या एका गोलाने, मात केली आणि 1 ऑक्टोबरला अंतिम सामन्यात सिडनी स्वान्सवर 89 विरुद्ध 67 असा विजय मिळवला. तब्बल 62 वर्षांनी! प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी आपल्या गळ्यातले पदक काढून, त्या दिवशी खेळू न शकलेल्या मर्फीच्या गळ्यात घातले. आणि त्या विजयी संघात टॉम लिबरातोरी होता. 1997 च्या त्या टोनीचा मुलगा. तिकडे असा नियम आहे, की बापाने एखाद्या क्लबासाठी 100 सामने खेळले असतील, तर त्याच्या मुलाला घेण्याचा त्या क्लबाला खास हक्क मिळतो. बापाचे राहिलेले काम मुलाने पुरे केले, असे म्हणायला हरकत नाही.

आठव्या वर्षी पाहिलेला विजय पुन्हा दिसायला त्या गृहस्थांना सत्तरावे वर्ष लागले. दरम्यान बासष्ट हंगाम गेले. बासष्ट वेळा मार्च आला आणि बासष्ट वेळा त्यांनी ‘यंदा आपला संघ चांगला आहे’ असे म्हटले. एकसष्ट वेळा ते चुकले. आता विचार करा. चुकण्याच्या भीतीने त्यांनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी म्हणणे सोडून दिले असते, तर 1989 साली डबा घेऊन रस्त्यावर कोण उतरले असते? क्लब उरला नसता, आणि 2016 सालही आले नसते. चषकामुळे आशा टिकली असे आपण समजतो, पण घडले ते उलटे. आशा टिकली म्हणून चषक आला.

यात आणखी एक व्यवहाराची गोष्ट आहे. तिकडच्या बहुतेक क्लबांना आपल्या सोसायटीसारखे सभासद असतात. हंगामापूर्वी वर्गणी भरायची, तेव्हा सभासदत्व. अलीकडे सगळ्या क्लबांचे मिळून सभासद दहा लाखांच्या वर गेले आहेत. म्हणजे ‘यंदा चांगला आहे’ हे नुसते बोलणे नसते, खिशात हात घालून केलेले बोलणे असते. आणि ते नेमके कधी? तक्त्यावर अठराही क्लबांच्या नावापुढे शून्य असते तेव्हा. जिंकल्यावर वर्गणी कोणीही भरील.

तात्पर्य, विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : हा भाबडेपणा नव्हे. म्हाताऱ्या गृहस्थांना अठराचे गणित आपल्यापेक्षा चांगले येते, कारण त्यांनी ते बासष्ट वर्षे सोसले आहे. तरीही ते नातीच्या नावाची वर्गणी आपल्या वर्गणीबरोबर भरतात. बापाने त्यांना खांद्यावर घेतले होते, ते काम ते पुढे चालवत आहेत.

मी विद्यार्थ्याला लिहिले, ‘उद्या सकाळी ते कुंपणापाशी आले, तर वाद घालू नकोस. नव्या पोरांत चांगला कोण, एवढं विचार.’ त्याचे उत्तर आले : ‘सर, विचारलं. दोन तास उभा होतो. ऑफिसला उशीर झाला. येत्या शनिवारी त्यांच्याबरोबर पहिल्या सामन्याला जातो आहे. त्यांनी मला एक जुना लाल-पांढरा-निळा मफलर दिला आहे. आणि खरं सांगू का सर, यंदा आपला संघ चांगला आहे.’