शाप नव्हे, कारण सांगा!

इंग्लंडच्या बीबीसी फोर या वाहिनीने २००८ च्या मार्च-एप्रिलमध्ये चार नाट्यपट दाखवले. साऱ्या देशाला हसवणारे लोक घरी किती दुःखी होते, हा त्या चौघांचाही विषय. टोनी हॅन्कॉक, फ्रँकी हॉवर्ड, ह्यूई ग्रीन आणि 'स्टेपटो अँड सन' या जुन्या विनोदी मालिकेतील दोन नट यांची ही कहाणी. या उपक्रमाला नाव दिले 'विनोदाचा शाप'. पहिल्या नाट्यपटाचे नाव तर 'द कर्स ऑफ स्टेपटो', म्हणजे 'स्टेपटोचा शाप' असेच होते. आमचा आक्षेप या एका शब्दावर आहे. शाप!

गोऱ्यांच्या विनोदी नटांशी आपले काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. 'शाप' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपल्या वाडवडिलांनी दुःखाचे कारण विचारले तेव्हा त्यांना पिढ्यान् पिढ्या हेच उत्तर मिळाले. मागच्या जन्मीचे पाप, नशिबाचे भोग, देवाचा कोप. गावकुसाबाहेर आम्हाला कोणी घातले, हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून ही सारी उत्तरे तयार ठेवली होती. तोच डाव टीव्हीच्या पडद्यावर रंगीत होऊन आला, तर तो ओळखायला आपण नाही तर कोण शिकवणार?

आधी 'स्टेपटो अँड सन' काय होते ते पाहू. रे गॅल्टन आणि अॅलन सिम्प्सन या जोडीने लिहिलेली ही मालिका १९६२ साली सुरू झाली आणि मधली काही वर्षे सोडून १९७४ पर्यंत चालली. लंडनमध्ये एक म्हातारा बाप आणि त्याचा वय वाढत चाललेला मुलगा राहतात. घोडागाडी घेऊन दारोदार भंगार आणि चिंध्या गोळा करायच्या, हा त्यांचा धंदा. मुलगा हॅरल्ड पुस्तके वाचतो, बऱ्या जगण्याची स्वप्ने पाहतो, घर सोडून जायला निघतो, आणि शेवटी बापाच्या त्याच भंगारात परत येतो. प्रेक्षक हसत, पण त्या हसण्यात हुंदका होता. कामगार वस्त्यांत या मालिकेचे असे वेड होते की १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी बीबीसीला गळ घातली, मतदानाच्या संध्याकाळी ही मालिका उशिरा दाखवा, नाहीतर आमचे मतदार टीव्हीपुढून उठायचे नाहीत. बीबीसीने वेळ पुढे ढकलली.

बापाच्या धंद्यातून सुटू न शकणारा मुलगा आम्हाला परका नाही. जातिव्यवस्था कामाची नव्हे तर माणसांची वाटणी करते आणि बापाचे काम पोराच्या गळ्यात बांधते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच जगाला दाखवून दिले. लंडनच्या हॅरल्डला जात नव्हती, पण गरिबी होती. आपल्याकडे भंगार आणि कचरा वेचणाऱ्या हातांवर गरिबी आणि जात असे दोन्ही शिक्के आहेत. म्हणून ही मालिका आम्हाला कळते.

आता त्या दोन नटांकडे वळू. बापाचे काम करणारे विल्फ्रिड ब्रॅम्बेल हे मुलाचे काम करणाऱ्या हॅरी एच. कॉर्बेट यांच्याहून फक्त तेरा वर्षांनी मोठे. ब्रॅम्बेल समलिंगी होते. त्या काळी इंग्लंडात पुरुषांमधील समलिंगी संबंध, अगदी बंद दाराआडचेही, गुन्हा होते. १९६२ साली, मालिका गाजू लागली त्याच वर्षी, ब्रॅम्बेल यांना अटक झाली आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. कायदा बदलला १९६७ साली, तोही अर्धाच. एक माणूस आयुष्यभर स्वतःला लपवत राहतो आणि दारूचा आसरा घेतो, याला शाप म्हणायचे? हा गुन्हा संसदेने केलेल्या कायद्याचा होता. त्याच इंग्रजी राजवटीने १८६० च्या दंडसंहितेत आपल्यावर लादलेले कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. त्या निकालाचा एक आधार होता संविधानिक नैतिकता. याच संविधानिक नैतिकतेविषयी बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलले होते. कायद्याने केलेले दुःख कायद्यानेच दूर होते. शापाला असा उतारा नसतो.

कॉर्बेट यांचे दुःख वेगळे. रंगूनमध्ये जन्मलेले हे पोर आईविना मँचेस्टरला मावशीकडे वाढले. पुढे जोन लिटलवुड यांच्या 'थिएटर वर्कशॉप' या समाजवादी नाट्यसंस्थेत त्यांनी शेक्सपियरचा राजा दुसरा रिचर्ड उभा केला. कसदार नट म्हणून त्यांचे नाव झाले होते. मग स्टेपटो आला आणि बाजाराने त्यांच्यावर 'भंगारवाला' असा शिक्का मारला. दुसरे काम मागायला गेले तरी लोकांना तोच चेहरा हवा होता. १९८२ साली ५७ व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. हॅरल्ड भंगारातून सुटला नाही आणि त्याला उभा करणारा नट हॅरल्डमधून सुटला नाही. एकदा खपलेला माल पुन्हा पुन्हा विकायचा हा धंद्याचा हिशेब आहे. यात दैव कुठे आले?

नाट्यपटाने मात्र सारा भर दोघांच्या कडवटपणावर दिला. कोणाचे लग्न कधी मोडले, कोण कोणावर चिडत होता. कॉर्बेट यांच्या कुटुंबीयांनी चुकीच्या चित्रणाबद्दल तक्रार केली आणि बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला ती काही अंशी मान्य करावी लागली. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून त्याचे शयनगृह दाखवणे सोपे असते. जिवंत संस्थेचे करारपत्र दाखवणे अवघड असते.

'स्टेपटो'ची अमेरिकन आवृत्ती १९७२ साली 'सॅनफर्ड अँड सन' या नावाने आली. तिथे भंगारवाले बाप-लेक लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीतले झाले. त्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरच्या प्रेरणेने दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतील काळ्यांकडे आपण आपल्या नात्याने पाहत आलो आहोत. म्हणून दुसरे उदाहरण तिथलेच घेतो.

१९७८ साली अमेरिकेत 'डिफरंट स्ट्रोक्स' ही मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कचा एक धनाढ्य गोरा आपल्या मेलेल्या काळ्या मोलकरणीच्या दोन मुलांना हार्लेममधून आणून दत्तक घेतो, ही तिची कथा. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले ते याच हार्लेमच्या शेजारी. मालिकेत उपकार करणारा मालक थोर आणि मुले गोड. मोलकरणीला पगार किती होता आणि हार्लेम गरीब का राहिले, हे कोणी विचारायचे नाही. 'हरिजन' म्हणून पाठीवर हात फिरवणाऱ्यांना आपण ओळखतो, तीच ही जात.

धाकट्या भावाचे काम करणाऱ्या गॅरी कोलमनला लहानपणापासून मूत्रपिंडाचा विकार होता. दोनदा मूत्रपिंड बदलावे लागले, मधल्या काळात डायलिसिस चालले. आजार आणि औषधे यांमुळे त्याची उंची चार फूट आठ इंचांवर थांबली. याच ठेंगणेपणावर मालिका आठ वर्षे चालली, कारण अठरा वर्षांचा होईपर्यंत तो लहान मूल म्हणून खपत होता. मोठा झाल्यावर त्याने आपल्या पैशांसाठी स्वतःच्या आईवडिलांवर आणि व्यवस्थापकावर खटला भरला आणि १९९३ साली सुमारे तेरा लाख डॉलर मिळवले. तरी १९९९ साली त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. त्याआधी तो सुरक्षारक्षकाची नोकरी करत होता आणि लोक त्याला पाहून हसत होते. २०१० साली ४२ व्या वर्षी तो वारला. मालिकेत बहिणीचे काम करणारी डेना प्लेटो १९९९ सालीच ३४ व्या वर्षी औषधांच्या अतिसेवनाने गेली होती. लोक म्हणू लागले, 'डिफरंट स्ट्रोक्सचा शाप'. २००६ साली एनबीसी वाहिनीने यावर नाट्यपट काढला. ज्या वाहिनीने मालिकेवर सात वर्षे पैसा कमावला, तिनेच त्या मुलांच्या वाताहतीवरही पैसा कमावला.

कारण मात्र कॅलिफोर्नियाच्या कायद्यात होते. बालनट जॅकी कूगनची कमाई घरच्यांनी उडवली म्हणून तिथे १९३९ साली कायदा झाला, पण त्यात पळवाटा होत्या. मुलाची कमाई मुलाचीच आणि तिचा पंधरा टक्के हिस्सा त्याच्या नावे राखून ठेवायचा, हे स्पष्ट झाले २००० साली. कोलमनचे बालपण तोवर संपून चौदा वर्षे झाली होती. आणि मोठ्या भावाचे काम करणारा टॉड ब्रिजेस? व्यसन आणि तुरुंग भोगून तो उपचारांनी बाहेर आला आणि उभा राहिला. शाप असता तर तो उभा राहिला असता का? दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण नाहीसे केले की दुःख नाहीसे होते, असे तथागतांनी सांगितले. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत झुगारून हाच धम्म आपल्या हाती दिला.

म्हणून आम्ही आपल्या घराकडे येतो. आज आपल्या वस्त्यांतील मुले गाण्याच्या, नाचाच्या स्पर्धांसाठी आणि मालिकांसाठी टीव्हीवर जातात. अभिमान वाटतोच. पण २०१७ चे केंद्राचे नियम किती पालकांना ठाऊक आहेत? बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावी लागते. हे आपल्या विहारांत आणि महिला मंडळांत वाचून दाखवले पाहिजे. आणि ज्या २०१६ च्या दुरुस्तीने बालकलाकारांना ही मोकळीक दिली, तिनेच शाळा सुटल्यावर मुलांनी कुटुंबाच्या धंद्यात हात लावण्याचीही मुभा ठेवली, हेही सांगितले पाहिजे. कुटुंबाचा धंदा म्हणजे कोणासाठी दुकान, आणि कोणासाठी भंगाराची गोणी. हॅरल्डला पुन्हा बापाच्या अंगणात बांधणारी ही वाट आहे.

उद्या आपल्या एखाद्या शाहिरावर, जलशातल्या एखाद्या सोंगाड्यावर टीव्ही नाट्यपट काढील. तेव्हा त्याची दारू दाखवतील, संसाराची धूळधाण दाखवतील. आपण विचारायचे : त्याच्या ध्वनिफिती विकून पैसा कोणी केला? मानधन कोणी बुडवले? आजारपणात तो कोणाच्या दारी उभा होता, आणि कोणी दार लावून घेतले? याची उत्तरे असतील तर नाट्यपट अवश्य पाहू. नसतील तर ती नवी पोथी समजून बाजूला ठेवू.

जय भीम!