ट्रकच्या मागे कोण कोण उभं असतं

सहा टायरचा ट्रक पूर्ण भरला की कायद्याने त्याचं वजन १८.५ टनांपर्यंत चालतं. जुलै २०१८ पर्यंत ही मर्यादा १६.२ टन होती. समोरून येणारी छोटी मोटार, आतल्या चार माणसांसह, साधारण एक टनाची धरू. दोघांचा वेग ताशी ६० किलोमीटर. समोरासमोर धडक झाली आणि दोन्ही गाड्या एकमेकींत अडकल्या, असं धरून शाळेतलं संवेगाचं गणित मांडलं तर उत्तर येतं ५४. म्हणजे धडकेनंतर दोन्ही गाड्या ट्रकच्याच दिशेने ताशी सुमारे ५४ किलोमीटरने सरकत राहतात. ट्रकच्या वेगात फरक पडला सहाचा. मोटार मात्र ६० ने पुढे जात होती, ती निमिषार्धात ५४ ने उलटी जाऊ लागली. तिच्या वेगातला फरक ११४.

यात थक्क करणारी गोष्ट अशी, की धडकेचं बल दोन्ही गाड्यांवर अगदी सारखंच असतं. न्यूटनचा तिसरा नियम ट्रकला झुकतं माप देत नाही. तेवढंच बल अठरा टनांवर पडलं तर चालक स्टिअरिंगवर आदळतो. एका टनावर पडलं तर आतल्या माणसांची हाडं, फुप्फुसं आणि मेंदू त्या ११४ चा हिशेब चुकता करतात. त्यात उंचीची भर. मोटार मागून ट्रकवर गेली, की बोनेट हौद्याच्या खालून आत शिरतं आणि हौद्याची कड थेट समोरच्या काचेवर येते. चुरगळून धक्का पिऊन टाकण्यासाठी बनवलेला मोटारीचा पुढचा भाग तोवर कशाला टेकलेलाच नसतो. ट्रकच्या मागे खाली जो आडवा लोखंडी दांडा असतो, तो याचसाठी. मोटारीच्या बोनेटला टेकायला काहीतरी मिळावं म्हणून.

एवढा फरक पाहिला की वाटतं, ट्रकच्या अपघातात नुकसानभरपाईही मोठी मिळत असेल. तसं नसतं. मोटार अपघात दावा प्राधिकरण माणसाच्या जाण्याचा हिशेब करताना धडक कोणत्या गाडीने दिली ते पाहत नाही. समजा, ३४ वर्षांचा एक माणूस गेला. स्वतःचा छोटा धंदा, महिना १५ हजारांची मिळकत, मागे बायको, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ सालच्या प्रणय सेठी निकालानुसार मिळकत पुढे वाढली असती म्हणून तिच्यात ४० टक्के मिळवायचे. झाले २१ हजार. चार जण अवलंबून, म्हणून तो स्वतःवर खर्च करत असणार तो चौथा हिस्सा वजा. राहिले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ या वयासाठी २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक १६. गुणाकार ३० लाख २४ हजार. वर अंत्यविधी, सहवासाची हानी अशा ठरलेल्या रकमा. धडक दुचाकीची असो, मोटारीची असो की चौदा टायरच्या ट्रेलरची, हाच आकडा येणार.

जखमीचा हिशेब त्याहून बारकाईचा. २०१० मध्ये राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक उदाहरण दिलं, ते मला या सगळ्या कायद्यातलं सर्वांत माणुसकीचं वाटतं. डावा हात गेला तर वैद्यकीय दाखल्यावर अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास लिहिलं जाईल. पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडाली. सरकारी कारकून असेल तर कदाचित मुळीच नाही. म्हणून दाखल्यावरची टक्केवारी तशीच उचलायची नाही, या माणसाच्या पोटापाण्यावर काय परिणाम झाला ते पाहायचं. ट्रकच्या अपघातांत चाकाखाली येऊन चिरडलेले पाय जास्त, आणि रस्त्यावर ते पाय असतात ते बहुधा हातापायांवरच पोट असणाऱ्यांचे. तिथे हा निकाल फार कामी येतो.

मग फरक नेमका कुठे पडतो? पैसे कोण देणार, इथे.

मोटारीच्या मागे सहसा एक माणूस आणि एक विमा कंपनी असते. मालकच चालवत असतो. ट्रकच्या मागे मोठी रांग असते. कराडजवळ महामार्गावर थोडा वेळ उभं राहिलं तरी ती दिसते. हा राष्ट्रीय महामार्ग ४८ दिल्लीहून चेन्नईला जातो, आणि गुहागरहून विजापूरकडे जाणारा रस्ता त्याला कराडात छेदतो. कराडच्या एमएच ५० पासिंगच्या गाड्यांच्या बरोबरीने तमिळनाडूतल्या नामक्कलचे, राजस्थानचे, कर्नाटकचे ट्रक इथून जातात. चालक एका गावचा, आरसी बुकावरचा मालक दुसऱ्या गावचा, गाडीवर बोजा फायनान्स कंपनीचा, माल तिसऱ्याचा, बिल्टी फाडणारा ट्रान्सपोर्टवाला चौथा.

कधी आरसीवरच्या मालकाने गाडी वर्षापूर्वीच विकलेली असते. नोटरी झाली, पैसे मिळाले, टीटी फॉर्मवर सह्याही झाल्या, पण आरटीओत नाव बदललंच नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की जखमीने खऱ्या मालकाचा माग काढत हिंडायचं नाही. नोंद ज्याच्या नावावर, जबाबदार तो. जुना ट्रक विकणाऱ्या प्रत्येकाने आरटीओतून नाव उतरल्याचा कागद हातात येईपर्यंत व्यवहार पुरा झाला असं मानू नये.

रांगेतल्या प्रत्येकाकडे कागद असतात. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षं चालते. नव्या ट्रकचं पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. शिवाय परमिट, शिवाय चालकाचा परवाना कोणत्या वर्गाचा. यातला एखादा कागद संपलेला निघाला की विमा कंपनी म्हणणार, अट मोडली, आम्ही देणं लागत नाही. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणाऱ्याकडे साधा हलक्या वाहनाचा परवाना आहे, या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद चालले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला: ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो. त्यावरच्या गाड्यांना मात्र तो चालत नाही.

आणि अट खरोखरच मोडली असेल तर? इथे भारतीय कायद्याने एक तोडगा काढला आहे, तो मला सुंदर वाटतो. अनेक प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला सांगतं: जखमीला आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने परवान्याच्या वादात हा मार्ग पक्का केला, २०१८ मध्ये परमिट नसलेल्या ट्रकलाही तो लागू झाला. चालकाचा परवाना रस्त्यावरच्या माणसाने कधी पाहिलेला नसतो. तो नकली निघाला याची शिक्षा त्या माणसाच्या विधवेला का, हा साधा प्रश्न न्यायालयाने मनावर घेतला. कंपनी आणि मालक यांचं भांडण मग दहा वर्षं चालेना का.

ट्रकचे कागद गुन्हा लपवू देत नाहीत, हीसुद्धा एक गोष्ट. बिल्टी, ई-वे बिल, किणी आणि तासवडे टोलनाक्यांवरची फास्टॅगची वेळ, साखर कारखान्याच्या काट्याची पावती. गाडी कुठून कधी निघाली, किती वजन होतं, चालक किती वेळ चाकावर होता, हे त्यावरून जुळवता येतं. मोटारीच्या अपघातात बहुतेक वेळा साक्षीदाराच्या डोळ्यांवर आणि पंचनाम्यावर भिस्त. ट्रकच्या दाव्यात वकिलाने हे कागद वेळेत मागवले तर दाव्याचा रंगच बदलतो.

आता ऊस. हंगामात कराडच्या आजूबाजूचा प्रत्येक रस्ता यशवंतनगरच्या सह्याद्री किंवा रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याकडे सरकत असतो. रात्री ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या कडेबाहेर आलेली उसाची टोकं, खाली कुठेतरी परावर्तक पट्टी, तीही फडातल्या चिखलाने निम्मी झाकलेली. मागचा दिवा असला तर मोळीआड. टायर फुटला, गाडी तशीच रस्त्यावर उभी. मागून येणाऱ्या मोटारीला दिसते तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो.

अशा उभ्या गाडीवर मोटार आदळली तर ‘मागून धडकला त्याचीच चूक’ असं आपण सहज म्हणतो. कायदा इतका सरळसोट नाही. इशारा न लावता रस्त्यावर गाडी सोडणं हाही निष्काळजीपणा. समजा, दोघांची निम्मी निम्मी चूक ठरली. चालकाची भरपाई निम्म्याने कापली जाते. पण शेजारी बसलेल्या बायकोची? २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. महामार्गावर उभ्या ठेवलेल्या चौदा टायरच्या ट्रेलरवर मोटार आदळली होती. न्यायालय म्हणालं, चालकाची चूक प्रवाशांच्या माथी मारता येत नाही. प्रवाशाला पूर्ण रक्कम दोन्हींपैकी कोणत्याही एका गाडीवाल्याकडून मागता येते. त्यांनी ती आपसांत वाटून घ्यावी. एकाच मोटारीतल्या दोन आसनांवर दोन वेगळे कायदे बसलेले असतात.

एका ट्रकच्या विम्यावर किती भार येऊ शकतो हे पुण्याने २० नोव्हेंबर २०२२ ला पाहिलं. साताऱ्याकडून येणारा ट्रक नवले पुलाच्या उतारावर सुसाट सुटला आणि कित्येक गाड्यांचं नुकसान झालं. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असं तेव्हा पोलिसांच्या तपासातून सांगितलं गेलं. तृतीय पक्षाच्या विम्यात माणसाच्या जीवाला आणि जखमेला रकमेची कमाल मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साधारणपणे साडेसात लाखांचं कुंपण. चेपलेल्या मोटारींना ते एकत्र वाटून घ्यावे लागतात. माणसांना तसं वाटून घ्यावं लागत नाही. ही क्रमवारी ज्याने ठरवली त्याने बरोबर ठरवली.

या सगळ्यात एक मोठी फट आहे, आणि ती आपल्याच सातारा जिल्ह्यात दिसली. १० एप्रिल २०१८ च्या पहाटे विजापूर जिल्ह्यातून मजुरांना घेऊन शिरवळच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेली मालवाहू गाडी खंबाटकीच्या बोगद्यापलीकडच्या वळणावर उलटली. किमान १७ माणसं गेली, त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. मालवाहू गाडीत माणसांना जागाच नाही, असं कायदा म्हणतो. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत बसला तर त्याला विम्याचं संरक्षण दिलं. गाडीमालकाचा पगारी हमाल असेल तर त्याला कामगार भरपाईपुरतं संरक्षण आहे. नुसता प्रवास करणारा मात्र बाहेर, हे २००२ च्या आशा राणी निकालाने ठरलं. पुढे काही प्रकरणांत, २०१७ मध्येही, सर्वोच्च न्यायालयाने अशांनाही ‘आधी द्या, मग वसूल करा’चा आधार दिला. पण तो हक्काने मिळेलच असं नाही, प्रत्येक वेळी मागावा लागतो.

उसाच्या ट्रॉलीवर ही फट सर्वांत रुंद होते. मोळ्यांवर बसलेली कोयता घेतलेली बाई कुणाची कामगार? ट्रॅक्टरमालकाची, मुकादमाची, वाहतूक ठेकेदाराची, की कारखान्याची? उत्तराप्रमाणे पैसे देणारा बदलतो, कधी कुणीच उरत नाही. ट्रॅक्टरचा विमा फक्त शेतीकामापुरता काढलेला असतो, ट्रॉलीचा कित्येकदा काढलेलाच नसतो. २००७ मध्ये वीटभट्टीच्या मातीच्या ट्रॉलीवरून पडलेल्या मजुराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने मान्य केलं की विमा कंपनी कायद्याने देणं लागत नाही. तरी मजुराची गरिबी पाहून आपले विशेष अधिकार वापरले आणि कंपनीला आधी पैसे द्यायला लावले. एका मजुरासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेतला खास अधिकार काढावा लागतो, याचं मला कौतुकही वाटतं आणि रागही येतो. ट्रॉलीचा विमा हंगामाच्या आधी कारखान्याच्या करारातच अट म्हणून घातला, तर त्या बाईला दिल्लीपर्यंत जावं लागणार नाही.

तोवर तिच्या घरच्यांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. अपघात कराडजवळ झाला म्हणून दावा कराडच्याच न्यायालयात लावला पाहिजे असं नाही. दावा करणारा जिथे राहतो तिथेही तो लावता येतो. ऊसतोडीची टोळी बीडची असेल तर बीडमध्ये, आपल्या भाषेत, आपल्या ओळखीच्या वकिलाकडून. मालक नामक्कलचा असला तरी त्याला बीडला यावं लागतं. मुदत मात्र १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची केली आहे, आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. दिवाळीनंतर फडात उतरलेल्या टोळीचा अपघात डिसेंबरात झाला, तर पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, घरी परतेपर्यंत त्यातले निम्मे महिने सरलेले असतात. म्हणून एफआयआरची आणि पंचनाम्याची नक्कल, ट्रॅक्टरचा नि ट्रॉलीचा नंबर, आणि त्या दिवशीची काट्याची पावती, एवढं इथलं गाव सोडण्याआधी हातात घ्यावं.