सही करण्याआधी रजिस्टर वाचा

टिटवाळ्यात थोडं पुढं गेलं की कारभारच बदलतो. मांडा-टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत, तर आजूबाजूची बरीच गावं ग्रामपंचायतीत. आमच्या बचत गटांत बाया दोन्हीकडच्या. म्हणून ‘पाणी येत नाही, कुठं बोलायचं?’ असं कुणी विचारलं की आम्ही आधी विचारतो, घरपट्टी कुठं भरता? जिथं घरपट्टी, तिथंच गाऱ्हाणं.

आधी ग्रामपंचायतीचं बोलू. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. एरवी त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ह्या तारखांच्या आसपास होतात. सात दिवस आधी नोटीस लागते. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, ह्यात जो आकडा कमी तो. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे आपण घरी बसलो तरी दहा-बारा जणांत ठराव होऊ शकतो!

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, हेही कायद्यातच आहे. आम्हाला मात्र ती बरीच वर्षं रजिस्टरमध्येच भेटली. शिपाई दादा दारी यायचे, ‘ताई, इथं सही’ म्हणायचे, आणि आम्ही पिठाचे हात पुसून सही करायचो. एकदा आमच्यातल्या एकीने वरचा मजकूर वाचला. ‘महिला सभा संपन्न, सर्व विषय एकमताने मंजूर.’ सभा कधी झाली, ते आम्हालाच माहीत नव्हतं. चूक त्यांची होती तशी आमचीही. सह्या आमच्याच होत्या ना!

पुढच्या वेळी आम्ही सांगितलं, आधी सभा, मग सही. देवळाच्या मंडपात बसलो. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर दिवे नाहीत, भाजी विकून संध्याकाळच्या लोकलने परतणाऱ्या बायांना अंधारातून यावं लागतं, हा विषय मांडला. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे लिहून घेतलं. अर्जाच्या दोन प्रती केल्या आणि एकीवर पोच घेतली. पैसे नाहीत, असं उत्तर आलं. तेव्हा आम्ही विचारलं, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो, तो कशावर खर्च झाला? त्यावर थोडी शांतता पसरली.

महापालिकेची गोष्ट निराळी. तिथं महासभेत नगरसेवक बोलतात, आपण बोलू शकत नाही. विषय नगरसेवकाकडून न्यावा लागतो, नाहीतर प्रभाग कार्यालयात लेखी द्यावा लागतो. नोव्हेंबर 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. तेव्हा गटारासाठी कुणाला धरायचं, हेच बायांना कळेना. त्या काळात अर्जावरची तारीख आणि पोच, एवढंच हातात होतं.

आमच्या रस्त्यावर चार दिवे लागले. स्वच्छतागृहाचा ठराव मात्र अजून पडून आहे. त्याची नक्कल मागणारा अर्ज दिलाय, आणि येत्या महिला सभेत पहिला विषय तोच ठेवलाय.