मुलीचा कोरिया, आई-वडिलांचा प्रवास

इंदूर असो, बेळगाव असो वा बडोदे असो, मराठी घरांतून हल्ली एक नवाच हट्ट ऐकू येऊ लागला आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला परदेश पाहावयाचा असतो. पण तिच्या तोंडी लंडन वा पॅरिस नसून सोल हे नाव असते. बी.टी.एस. या सात गायकांच्या मेळाची गाणी तिला अर्थासह पाठ असतात. कोरियन मालिका पाहता पाहता ती चार वाक्ये बोलूही लागलेली असते. वडीलधारी मंडळी याला वयाचे खूळ समजतात, आणि पैसा साठवून प्रवासाचा बेत केलाच, तर तो केवळ लाड म्हणून करतात. प्रवासाचे निम्मे सार्थक येथेच हरवते. मुलगी पडद्यावरचा देश शोधीत पुढे जाते, आई-वडील खर्चाचा हिशेब करीत मागून जातात, आणि पाच कोटींहून अधिक लोकांचा खराखुरा देश दोघांच्याही दृष्टीतून निसटतो. तो निसटू नये यासाठी तयारी घरीच, निघण्यापूर्वी दोन-तीन महिने सुरू व्हावयास हवी.

काळवेळेचा प्रश्न फारसा अवघड नाही. जूनच्या अखेरीपासून तिकडे पाऊस लागतो, आणि ऐन हिवाळ्यात सोलमधील पारा शून्याखाली उतरतो. आपल्याकडील मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी मात्र तेथील उत्तम ऋतूंत पडते. नोव्हेंबरच्या आरंभी तर रस्त्यांच्या कडेचे गिंको वृक्ष पिवळेधमक झालेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पौर्णिमेस येणारा छुसोक हा सण मात्र टाळावा. त्या दिवसांत सारा देश गावाकडे निघतो आणि आगगाडीत जागा मिळत नाही. भारतीय प्रवाशास व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. आपले गाव कोणत्या वकिलातीच्या कक्षेत येते, हे आधी पाहून घ्यावे. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट सामान्यतः पाचच वर्षे चालतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातून जाते.

खरी तयारी लिपीपासून सुरू होते. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये हांगुल ही लिपी सिद्ध केली व १४४६ मध्ये ती जाहीर केली. तोवर कोरियन माणसास लिहावयाचे तर चिनी चित्राक्षरांचा आधार घ्यावा लागे, आणि ती शिकण्याइतकी सवड सामान्य जनांस कोठून असणार? नव्या अक्षरांना दरबारातील पंडितांनीच विरोध केला. पुढे दीर्घकाळ प्रतिष्ठितांनी ती बायकांची अक्षरे म्हणून हिणविली. आज तोच देश ९ ऑक्टोबर हा दिवस लिपीचा उत्सव म्हणून पाळतो.

या लिपीची रचना मराठी मुलास चटकन उमजावी अशी आहे. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे उच्चारस्थानांप्रमाणे वर्ग पाडले आहेत. सेजोंगने एक पाऊल पुढे टाकून ती स्थाने अक्षरांच्या आकारातच उतरविली. ‘ग’चे चिन्ह म्हणजे घशाकडे उचललेल्या जिभेची आकृती, ‘न’ म्हणजे वर टेकलेले जिभेचे टोक, ‘म’ म्हणजे तोंडाचा चौकोन. ‘ग’च्या चिन्हात एक रेघ वाढविली की त्याचा ‘ख’ होतो. स्वरांची चिन्हे तीन मूळ खुणांपासून निघाली : बिंदू हे आकाश, आडवी रेघ ही पृथ्वी, उभी रेघ हा मनुष्य. मग व्यंजने व स्वर एका चौकोनात रचून एकेक अक्षर साधावयाचे. आपल्या जोडाक्षरांची सवय येथे उपयोगी पडते. हे साम्य सर्वस्वी योगायोगाचे नाही. ज्या चिनी ध्वनिविचाराचा सेजोंगने अभ्यास केला, त्यावर बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचाराची छाया पडलेली होती.

मूळ चोवीस अक्षरे आठ-दहा दिवसांत सहज येतात. कोरियाची आवड असलेल्या मुलीस ती बहुधा आलेलीच असतात. तेव्हा शिकणारे आई-वडील आणि शिकविणारी मुलगी, असा उलटा वर्ग घरात भरविण्यास संकोच कसला? परदेशात गेल्यावर भुयारी रेल्वेतील पाट्या वाचणे, तिकीट काढणे, उपाहारगृहात मागणी सांगणे ही कामे निःशंकपणे तिच्याकडे सोपवावी. भाषेची घडणही परकी वाटत नाही. मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि समोरच्याचे वय व मान पाहून क्रियापदाचे रूप बदलते. मुलगी थोरल्या भावाला ‘ओप्पा’ म्हणते, मुलगा ‘ह्यॉंग’ म्हणतो. वडिलांना तर तेथील मुले ‘आप्पा’ म्हणतात. बेळगावकडच्या माणसास हे ऐकून घरी आल्यासारखे वाटेल. मात्र एवढ्यावरून भाषांचे नाते जोडण्याची घाई करू नये.

सोलमध्ये पहिली सकाळ ग्योंगबोकगुंग या राजवाड्यास द्यावी. मंगळवारी तो बंद असतो. हानबोक हा पारंपरिक पोषाख भाड्याने मिळतो, आणि तो घालून येणाऱ्यास प्रवेशशुल्क नाही. मुलीला छायाचित्रे हवी असतात, ती तिने अवश्य काढावी. पण १३९५ मध्ये उभारलेला हा वाडा १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी भस्मसात झाला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला, आणि परतंत्र काळात जपानी सरकारने १९२६ मध्ये त्याच्याच पुढ्यात आपली प्रचंड कचेरी बांधली, हेही तिने तेथे उभे राहून ऐकावे. ती कचेरी कोरियनांनी १९९० नंतरच्या दशकात पाडून टाकली. जवळच बुकचोन ही जुन्या कौलारू घरांची वस्ती आहे. पडद्यावर ती देखाव्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तेथे माणसे राहतात. पाहुण्यांच्या गर्दीला ती इतकी त्रासली, की काही गल्ल्यांतून आता सकाळी दहा ते सायंकाळी पाच एवढ्याच वेळात हिंडता येते. गायकांची गाठ पडेल, ही आशाही निघण्यापूर्वीच हळुवारपणे दूर करावी. त्यांच्या संस्थांच्या इमारती बाहेरूनच पाहावयाच्या असतात.

बी.टी.एस.चे सातही गायक एकामागून एक सक्तीच्या राष्ट्रीय सेवेत दाखल झाले. पहिला डिसेंबर २०२२ मध्ये गेला, अखेरचा जून २०२५ मध्ये मोकळा झाला. या तारखा मुलीला तोंडपाठ असतात; ही सक्ती का, हे मात्र तिला क्वचितच ठाऊक असते. २५ जून १९५० रोजी पेटलेले कोरियन युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले ते केवळ युद्धविरामाने. शांततेचा तह आजतागायत झालेला नाही. सोलपासून अवघ्या पन्नास-एक किलोमीटरांवर चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा देशाचे दोन तुकडे करून पडला आहे. परवानाधारक सहलीबरोबर त्याच्या कडेपर्यंत जाता येते; पासपोर्ट जवळ लागतो.

या पट्ट्याशी मराठी माणसाचाही संबंध आहे. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ १९५३-५४ मध्ये भारतीय सैन्याने तेथेच केला. त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात होते. दोन्ही पक्षांचा संशय आणि खुद्द कैद्यांचा रोष सोसून, जवळजवळ शस्त्र न उगारता त्यांनी ते काम पार पाडले. ज्या घरात मुलगी कोरियन गाणी ऐकते, त्या घरातील आजोबांना हे नाव बहुधा ठाऊक असेल. संभाषणास याहून चांगला दुवा कोणता?

शाकाहारी कुटुंबाची मात्र परीक्षा आहे. भाजीच्या रश्शातही वाळक्या मासळीचा अर्क असतो, आणि किमचीत बहुधा खारवलेली मासळी वा कोळंबी पडते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘मासळी नको, अंडे नको’ अशी वाक्ये कोरियनमध्ये लिहून जवळ ठेवावी. गोमंतकीयांना हा जाच नाही. उलट तिखट पाहून त्यांना आनंदच होईल. पोर्तुगीज गलबतांनी गोव्यात आणलेली मिरचीच त्यांच्या व्यापारमार्गाने जपानमार्गे कोरियात पोचली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

कांदा-लसूणही वर्ज्य असलेले निर्मळ जेवण हवे, तर बौद्ध मठाची वाट धरावी. प्रवाशांना मठात मुक्काम करू देण्याची प्रथा २००२ पासून रीतसर सुरू झाली आहे. त्यासाठी ग्योंगजू हे स्थान विशेष योग्य. सोलहून वेगवान आगगाडीने तेथे सुमारे दोन तासांत पोचता येते. हजार वर्षे नांदलेल्या सिल्ला राज्याची ही राजधानी. येथील बुल्गुक्सा मंदिर व सोक्कुराम गुहेतील बुद्धमूर्ती आठव्या शतकातील आहेत. त्याच शतकात सिल्लाचा हेचो नावाचा भिक्षू, वय जेमतेम विशीचे, बुद्धाच्या देशाच्या ओढीने समुद्रमार्गे भारतात आला. काशी, कुशीनगर पाहत तो दक्षिणेतील राज्यापर्यंत उतरला आणि प्रवासाचा वृत्तान्त लिहून ठेवला. ती पोथी चीनमधील तुनह्वांगच्या गुहेतून १९०८ मध्ये हाती आली. बुल्गुक्साच्या आवारात मुलीला ही हकिकत सांगण्यासाठी दुपार मोकळी ठेवावी. मठातील घंटा पहाटे फार लवकर होते, म्हणून त्या दिवशी रात्रीचा कोणताही कार्यक्रम आखू नये.