क्रिल किती, आणि देवमाशाच्या कामाचे किती?

‘सागर संपदा’ हे भारताचे मत्स्य-संशोधन जहाज १९९५च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागराकडे निघाले, ते क्रिलच्या शोधात. भारताची ती पहिली क्रिल मोहीम. क्रिल दिसतो कोळंबीसारखा. लांबी फार तर सहा सेंटिमीटर, वजन एक-दोन ग्रॅम. पण त्याचे थवे प्रचंड असतात आणि पेंग्विनपासून निळ्या देवमाशापर्यंत अनेकांचे पोट त्यावर चालते.

नुसते जाळे टाकून क्रिल मोजता येत नाहीत. जाळ्याची चाहूल लागताच ते बाजूला सरकतात; थवा चुकला तर जाळे रिकामे. म्हणून जहाजाच्या तळाचा इको-साउंडर खाली ध्वनी सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी नोंदवतो. १२० किलोहर्ट्झच्या ध्वनीला क्रिल ठळक उत्तर देतात, ३८ला क्षीण. पोटात हवेची पिशवी असलेल्या माशांचे तसे नसते. या फरकावरून थवा क्रिलचा की माशांचा, ते ओळखायचे. जाळे लागतेच, पण पकडलेल्यांची लांबी मोजण्यापुरते.

खरी गोम पुढे आहे. थव्याच्या प्रतिध्वनीवरून संख्या काढायची तर एका क्रिलचा प्रतिध्वनी किती, हे ठाऊक हवे. आणि तो पोहताना किती कलला आहे, यावरही ते ठरते. २००० साली जानेवारी-फेब्रुवारीत चार देशांच्या जहाजांनी अंटार्क्टिकाजवळचा स्कोशिया समुद्र पालथा घातला. उत्तर आले सुमारे ४.४ कोटी टन. दहा वर्षांनी त्याच नोंदींना सुधारित गणित लावले, तर ६ कोटी टन! क्रिल तेवढेच, बदलला फक्त हिशेब. मासेमारीची कमाल मर्यादा अशाच आकड्यांवर ठरते, हे ध्यानात घेतलेले बरे.

आणि देवमाशाला एकूण आकड्याशी कर्तव्य नाही. धरणातला एकूण साठा वेगळा आणि उपयुक्त साठा वेगळा, हे २०१६च्या दुष्काळात मिरजेहून आलेले रेल्वेचे पाणी प्यायलेल्या लातूरकरांना सांगायला नको. भला मोठा जबडा उघडून झेप घ्यायला देवमाशाची बरीच शक्ती खर्च होते. विरळ थव्यावर ती झेप परवडत नाही. म्हणून २०२१मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात संशोधकांनी देवमाशांच्या पाठीवर यंत्रे चिकटवून झेपा मोजल्या, ड्रोनने शरीराची मापे घेतली आणि आसपासच्या थव्यांची दाटी ध्वनीने तपासली. पूर्व प्रशांत महासागरातला निळा देवमासा खाण्याच्या मोसमात दिवसाला सुमारे १६ टन क्रिल फस्त करतो, असे निघाले. जुन्या अंदाजांच्या जवळपास तिप्पट.

विसाव्या शतकातल्या शिकारीपूर्वी दक्षिण महासागरातले देवमासे वर्षाला ४३ कोटी टन क्रिल खात असावेत, हाही त्याच संशोधकांचा हिशेब. आज तिथले सगळे क्रिल मिळूनही तेवढे भरत नाहीत. खाणारे गेले, तर क्रिल वाढायला नको होते का? देवमाशांच्या विष्ठेतून वरच्या पाण्याला लोह मिळे, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढत आणि क्रिल त्या वनस्पती खात. देवमाशांबरोबर ते खतही गेले, असा तर्क आहे. मला तो पटतो. पण तो पडताळायचा, तर देवमासे परतताहेत तिथे वर्षानुवर्षे त्याच मार्गांवरून जहाजे नेऊन थव्यांची दाटी मोजत राहावी लागेल.